गाऱ्हाणे कोणाकडे घालायचे?

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या कितीतरी गावांत रानात कुऱ्हाड घालण्यापूर्वी एक काम आधी उरकावे लागते. जाणता माणूस शिवेवर जातो. दगडापुढे विडा मांडतो, नारळ ठेवतो, कुठे विडी-काडी, कुठे रोट, कुठे थोडी दारू. मग गाऱ्हाणे घालतो. अमक्याचे लेकरू तुझ्या जागेत पाय ठेवते आहे, त्याच्या हातून चुकलेमाकले तर सांभाळून घे, वर्षाचा तुझा मान तुला पोचेल, अशा अर्थाचे ते बोलणे असते. प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसे हुंकार भरतात. ज्याच्याशी हे बोलणे चालते त्याला राखणदार म्हणतात, देवचार म्हणतात, कुठे नुसतेच आजोबा. बहुतेक वेळा त्याला देऊळ नसते. हद्द मात्र असते, आणि ती पोराटोरांनाही ठाऊक असते: ओहोळापासून घाटीपर्यंत, घाटीपासून त्या जुन्या झाडापर्यंत.

या हद्दीमुळेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. राखणदार जर ओहोळापाशी थांबत असेल, तर ओहोळापलीकडच्या रानात माणसाने कसे वागायचे? आणि रान समुद्रापलीकडचे असेल तर?

प्रश्न पुस्तकी नाही. डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी आमोणे येथे सेसा गोवा कंपनीचा पिग आयर्नचा कारखाना आहे. ही कंपनी 1954 साली इटालियन भांडवलावर सुरू झाली, पुढे जपानी मालकीत गेली, आणि 2007 मध्ये वेदांत समूहाने ती विकत घेतली. ऑगस्ट 2011 मध्ये या कंपनीने पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात पाऊल टाकले. वेस्टर्न क्लस्टर नावाच्या प्रकल्पात 51 टक्के हिस्सा तिने 9 कोटी डॉलरला घेतला आणि पुढच्याच वर्षी उरलेलाही घेऊन टाकला. खनिजाच्या जागा तीन: बोमी, बेआ माउंटन आणि मानो नदी. तिन्ही देशाच्या पश्चिम भागात, अप्पर गिनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्षावनाच्या पट्ट्यात. या वनाचा जगात जेवढा अंश शिल्लक आहे त्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या लायबेरियात आहे. बुटका पाणघोडा अजून रानात दिसतो तो याच पट्ट्यात.

वेळही मोठी चमत्कारिक होती. इकडे सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने गोव्यातल्या खाणी थांबवल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. डिचोलीत रस्त्याकडेला ट्रकांच्या रांगा गंजू लागल्या. तिकडे विषुववृत्ताच्या जरा वर, नव्या रानात, ड्रिलिंगची यंत्रे उभी राहत होती.

अशा कॅम्पवरचा दिवस जगात सगळीकडे साधारण सारखाच असतो. पहाटे जनरेटरच्या आवाजात जाग. मलेरियाची गोळी. बुटांत पाय घालण्याआधी बूट उलटे करून झटकणे. दिवसभर जमिनीतून खडकाचे लांब दंडगोल उपसायचे, पेट्यांत ओळीने मांडायचे, कितव्या मीटरला काय लागले ते लिहून ठेवायचे. रात्री सॅटेलाइटच्या भरवशावर घरी फोन. सहा-आठ आठवडे काम, मग सुट्टी, मग पुन्हा तेच. समजा, डिचोलीचा एखादा तरुण भूशास्त्रज्ञ अशा ठिकाणी गेला. त्याला परके फारसे काही वाटायचे नाही. मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि तो गोव्यापेक्षाही दांडगा. पायाखाली तोच लाल जांभा; गोव्यात ज्याचे चिरे काढून घरे बांधतात तोच. ताटात भात, कारण लायबेरियन माणसाचे भाताशिवाय जेवण होत नाही. घरच्यासारखे सगळे, फक्त शिवेवरचा दगड कुठे आहे ते सांगणारे कोणी नाही.

दगड नसतो असे मात्र नाही. पश्चिम लायबेरियात गोला, वाई, मेंडे या लोकांत पुरुषांची पोरो आणि बायकांची सांदे अशा दोन गुप्त संस्था फार जुन्या काळापासून चालत आल्या आहेत. गावाजवळच्या रानाचा एक तुकडा त्यांच्यासाठी राखलेला असतो. मुलाचा पुरुष होतो तो त्या रानात, मुलीची बाई होते ती त्या रानात. ज्याची दीक्षा झालेली नाही त्याने तिथे शिरायचे नाही. झाड तोडायचे नाही. आत काय चालते ते बाहेर बोलायचे नाही. देवराईत वाळकी काडीही न उचलणाऱ्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला हे नियम समजावून सांगावे लागणार नाहीत. दोन्हींत फरकही पुष्कळ आहेत. पोरोच्या हातात गावाची सत्ता असते, शिक्षेचा अधिकार असतो. आपल्याकडची देवराई तितकी कडक कधीच नव्हती, आणि सांदेच्या दीक्षेत मुलींच्या शरीरावर जे होते त्याचे कौतुक कोणी करू नये. तेव्हा साम्य पाहून गहिवरून जाण्याचे कारण नाही.

पण एक साम्य विलक्षण आहे. पोरोच्या रानातून मुखवटा घालून जी शक्ती गावात येते तिला लायबेरियन इंग्रजीत बुश डेव्हिल म्हणतात, म्हणजे रानातला सैतान. हे नाव मूळचे तिथले नव्हे. बाहेरून आलेल्या धर्माने आणि भाषेने ते चिकटवले, आणि पुढे लोकही ते सहज वापरू लागले. गोव्यात काय झाले? कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला आज देवचार म्हणजे सैतान. त्याच गावातल्या हिंदू शेजाऱ्याला देवचार म्हणजे रात्री हातात काठी घेऊन गावाची राखण करणारा. शब्द एकच आहे, आणि एकाच्या घरी तो पहारेकरी आहे, दुसऱ्याच्या घरी चोर. हजारो मैल अंतरावरच्या दोन किनाऱ्यांवर, रानाच्या मालकाला सैतान ठरवण्याचा उद्योग सारख्याच पद्धतीने पार पडला. मालकाला सैतान ठरवले की त्याची परवानगी मागण्याचा प्रश्नच मिटतो. सैतानाला कोण विचारतो?

आता कोणी म्हणेल, आपला देव आपण बरोबर नेऊ. गोव्यात देवांना चालायची सवय आहेच. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोली महालातल्या नार्वे गावी आले, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. मंगेश कुठ्ठाळीहून निघाला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणी-बहिणी, आणि त्यांच्यातलीच एक मिराबाई म्हापशाला मिलाग्रीस सायबीण झाली असे लोक मानतात. शिरगावहून म्हापशाच्या चर्चला तेल जाते, म्हापशाहून लईराईला फुले येतात. धर्म बदलला तरी बहीणपण टिकले.

म्हणजे देव हद्द ओलांडतो. पण तो कोणासाठी ओलांडतो ते पाहावे. कुवेतला गेलेल्या पेडणेकराच्या पाकिटातला रवळनाथ त्या पेडणेकराला सांभाळायला गेलेला असतो. कुवेतची वाळू सांभाळायला नव्हे. बरोबर नेलेला देव माणसाची राखण करतो. राखणदार जागेची राखण करतो, आणि वेळ पडली तर माणसापासूनही करतो. या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. कॅम्पवरच्या तंबूत उदबत्ती लावून पहिली भागते, दुसरी भागत नाही.

हा पेच आपल्या परंपरेला नवा नाही. सांखवाळला 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म शोधत 1902 मध्ये सिलोनला पोचले, तिथे त्यांनी प्रव्रज्या घेतली, पुढे ब्रह्मदेशात राहिले. परमुलखात जाऊन तिथून काहीही न उपसणारा गोवेकर म्हणून त्यांचे उदाहरण इथे मुद्दाम द्यावेसे वाटते. ज्या 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनात त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे घातली त्या ग्रंथात अरण्य कशाला म्हणायचे याचे माप दिलेले आहे: गावापासून निदान पाचशे धनुष्ये दूर, म्हणजे ढोबळमानाने किलोमीटरभर. रान कुठे सुरू होते हे आधी ठरवायचे, मग तिथे कसे वागायचे ते. आणि वागण्याबद्दल विनयपिटकात एक गोष्ट आहे. आळवी गावचा एक भिक्षू स्वतःसाठी कुटी बांधायला झाड तोडू लागला. झाडावरची देवता म्हणाली, तुझे घर बांधायला माझे घर मोडू नकोस. त्याने ऐकले नाही, आणि कुऱ्हाड देवतेच्या मुलाच्या हाताला लागली. देवतेला वाटले, याला इथेच मारून टाकावे. पण तिने राग आवरला आणि ती बुद्धाकडे गेली. बुद्धाने तिची वाहवा केली, अमुक एक झाड रिकामे आहे तिथे जाऊन राहा असे तिला सांगितले, आणि भिक्षूंना झाडे तोडायची बंदी केली.

या गोष्टीत पुनर्वसन आहे, तक्रार निवारण आहे, नियमही आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियमाचे दिलेले कारण. लोक झाडात जीव आहे असे मानतात, आणि भिक्षूने लोकांच्या त्या मानण्याला धक्का देऊ नये. झाडात खरोखर देवता आहे की नाही, यावर वाद घालत बसायची गरजच ठेवलेली नाही. ज्या मुलखात राहतोस तिथल्या माणसांना झाड कसे दिसते ते विचार, एवढे पुरे. परदेशातल्या कॅम्पवरच्या माणसासाठी हा नियम देवभोळ्या गाऱ्हाण्याहून जास्त कामाचा आहे, कारण त्याला स्वतःची श्रद्धा लागत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेची दखल लागते.

उलट बाजूचे उदाहरण महाभारतात आहे. इंद्रप्रस्थाच्या शेजारचे खांडववन अग्नीला दिले गेले. कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंनी उभे राहिले आणि बाहेर पडणारा प्राणी पुन्हा आत ढकलला गेला किंवा मारला गेला. वाचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात मय होता, आणि त्याने मयसभा बांधून दिली. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या प्रकरणाकडे ज्या निष्ठुर नजरेने पाहिले त्या नजरेने मराठी वाचकाने क्वचितच पाहिले असेल. तिथे कोणी कोणाला विचारले नव्हते. आणि ज्याची भूक भागवायची होती तो खुद्द देवच होता, हा त्यातला कडू भाग.

मग आपल्या घरचा हिशेब काय सांगतो? फारसा अभिमानाचा नाही. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात हजारो धोंड, म्हणजे लईराईचे व्रतस्थ भक्त, वेताच्या काठ्या घेऊन येतात आणि पहाटे होमकुंडातून चालतात. त्याच शिरगावाला वर्षानुवर्षे खाणींचा वेढा होता. विहिरी आणि झरे आटले म्हणून गावकऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. डिसेंबर 2022 मध्ये डिचोली-मुळगाव-मये-शिरगाव भागातले खनिज ब्लॉक लिलावात गेले तेव्हा घरे आणि देवळे लीजच्या नकाशात आल्याचे पाहून लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळासाठी सुमारे 55 हजार झाडे गेली. त्या सड्यावर बाराजण नावाचे देवस्थान आहे. तिथे जाण्याची वाट मोकळी राहावी म्हणून आजूबाजूच्या गावांना मागणी करावी लागली. 5 जानेवारी 2023 पासून विमाने मात्र वेळेवर उडू लागली. आणि डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत, जिथे वाघाला देव मानून त्याच्या दगडी मूर्ती पुजतात, तिथे जानेवारी 2020 मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेलेले सापडले.

तेव्हा देवभक्ती रान राखते, हे वाक्य जरा जपून वापरावे. देवराया टिकल्या हे खरे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांची नोंद केली ती उगीच नव्हे. पण ज्या गावाने आजोबाच्या राईतली काडी उचलली नाही त्याच गावाने राईबाहेरचा डोंगर सहज विकला. श्रद्धेला कुंपण होते, आणि कुंपणाबाहेर तिला फारसे काही म्हणायचे नव्हते. खरे तर समुद्रापलीकडच्या कॅम्पवर जे घडते त्याची तालीम शिवेपलीकडच्या डोंगरावर आधीच होऊन गेलेली असते.

एवढे होऊनही गाऱ्हाणे निरर्थक ठरत नाही. त्यात काय दडले आहे ते पेडण्याची पुनव पाहिली की कळते. कोजागरीच्या रात्री रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, नाचतात. भूतनाथ रुसतो. त्याला देऊळ हवे असते, आणि तेही एका रात्रीत बांधून हवे असते, असे सांगतात. तो डोंगराकडे धाव घेतो, लोक मागून धावतात, समजूत काढतात, बांधू म्हणतात, आणि त्याला परत आणतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बाहेरच्या माणसाला ही देवाची फसवणूक वाटेल. पण यातले देणे मुद्दामच फेडलेले नाही. ते फिटले तर देवाला रुसायला आणि लोकांना मागे धावायला कारण उरणार नाही. बाकी शिल्लक आहे, म्हणून नाते शिल्लक आहे.

शिवेवरच्या गाऱ्हाण्यातही परवानगीचा भाग थोडाच असतो. देवचार नाही म्हणाला असे सहसा ऐकू येत नाही. जोर असतो तो पुढच्या वाक्यावर: वर्षाचा मान पोचेल. म्हणजे मी इथेच असणार आहे. पुढच्या पावसाळ्यात हा ओहोळ आटला तर माझ्याच शेताला पाणी नसेल, आणि तुझ्यासमोर तोंड दाखवायला मलाच यायचे आहे. हे वचन कॅम्प देऊ शकत नाही. कॅम्पला शेवटची तारीख असते. तिथला माणूस वाईट असतो असे नाही. बहुधा तो घरापासून लांब, थकलेला, कर्जाचे हप्ते फेडणारा आणि आपले काम चोख करणारा असतो. पण त्याच्या करारात पुढचे वर्ष नसते. कंपनी हिशेब पुरता करते, दाखले घेते, फाइल बंद करते. गाऱ्हाणे फाइल उघडी ठेवते.

हे उघडे खाते कायद्यात आणायचा प्रयत्न दोन्हीकडे झाला आहे. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइट काढायचे होते, त्याच वेदांत समूहाच्या कारखान्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी सांगितले की डोंगरिया कोंध ज्याला नियमराजा मानतात त्या डोंगरावरचा त्यांचा धार्मिक हक्क बाधित होतो का, ते ग्रामसभांनी ठरवावे. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही नाही म्हणाल्या. लायबेरियाने 2018 मध्ये जमीनहक्काचा कायदा केला आणि गावांच्या वहिवाटीच्या जमिनीला मान्यता दिली. त्या जमिनीत उतरायचे तर आधी गावाची संमती. आळवीच्या झाडावरच्या देवतेला दाद मागायला बुद्ध सापडला होता. तशी दाद मागायची जागा आता कागदावर तरी आहे. त्या जागेवर बोलतात ती माणसे, देवाच्या वतीने. आणि धर्माच्या प्रश्नात याहून प्रामाणिक व्यवस्था आजवर निघालेली दिसत नाही.

वेस्टर्न क्लस्टरचे काम 2014 च्या इबोलाने ठप्प केले. लायबेरियात त्या साथीत 4,800 हून अधिक माणसे गेली. बोमीतून खनिज निघायला पुढे 2022 उजाडले. पण बोमीत खाण पहिल्यांदाच येत होती असे नव्हे. गोव्याचे खनिज जपानकडे जाऊ लागले साधारण त्याच काळात, 1951 मध्ये, लायबेरिया मायनिंग कंपनीने बोमीच्या टेकड्या फोडायला सुरुवात केली होती. मन्रोव्हिया बंदरापर्यंत रेल्वे घातली, गाव वसवले, आणि 1977 मध्ये खनिज संपत आल्यावर कंपनी निघून गेली. मागे राहिलेल्या खड्ड्यात पाणी साचले. टबमनबर्ग गावाजवळच्या त्या खड्ड्याला आता ब्लू लेक म्हणतात, आणि राजधानीतली माणसे तिथे सहलीला जातात.